गहू सुटला, मग दूध कशाला तोडायचं?

नगर जिल्ह्यात दुधाला ‘नको’ म्हणणं तसं अवघडच. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण गोठ्यातली पहाट काही बदललेली नाही. उजाडायच्या आत धारा काढायच्या, डेअरीवर कॅन पोचवायचा, फॅट किती लागलं ते बघायचं आणि दुधाच्या पगारात किराणा, मुलांची फी, बचत गटाचा हप्ता असं सगळं बसवायचं. संगमनेर, राहाता, कोपरगाव, राहुरी, पारनेर, श्रीगोंदा... कुठल्याही तालुक्यात जा, हेच दिसेल. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तो याच जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून, आणि त्या संपात रस्त्यावर ओतलेलं दूध साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. ज्या घराचं सगळं दुधावर चालतं, त्या घरातल्या मुलीला किंवा सुनेला दूधच सोसत नाही असं दिसलं, की घर गोंधळून जातं.

त्यातून तिला ‘सिलिअॅक’ नावाचा आजार निघाला असेल, तर गोंधळ दुप्पट होतो. डॉक्टर सांगतात, गहू आयुष्यभर बंद. हे कसंबसं गळी उतरतं. पण पुढचा प्रश्न दवाखान्यात विचारायचा राहून जातो आणि घरी आल्यावर आठवतो. गव्हाचं कळलं, पण दुधाचं काय? मग ज्याला जे सुचेल ते तो सांगतो. शेजारीण म्हणते, ‘दूध आधी तोड बाई, पोट फुगतंय ते दुधानंच.’ आजेसासूबाई म्हणतात, ‘पोर वाळून गेलीय, दोन पेले दूध पाज रोज.’ मोबाइलवर कुणी तरी छातीठोकपणे सांगत असतो, की गहू आणि दूध ही जोडीच विषारी. आणि जिला हे सगळं भोगायचंय ती मात्र कोऱ्या चहावर दिवस काढत असते.

मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर असं आहे, की सिलिअॅकमध्ये गहू कायमचा सुटतो, दूध सहसा कायमचं सुटत नाही. सुरुवातीचे काही महिने ते सांभाळून घ्यावं लागतं, आणि आतडं भरून आलं की पुन्हा ताटात आणावं लागतं. ‘आणता येतं’ असं मी म्हणत नाही, ‘आणावं लागतं’ असंच म्हणते. का, ते नीट समजून घेऊ.

गहू, जव म्हणजेच सातू, आणि राय नावाचं परदेशी धान्य, यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, पोळी लाटताना जी ताणली जाते, ती या ग्लुटेनमुळे. बहुतेकांना ते काहीच करत नाही. पण काही जणांच्या शरीराची अंगभूत रचनाच अशी असते, की ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नातलं सत्त्व ओढून घेण्याचं काम ही लव करते. सिलिअॅकमध्ये ती झिजत जाते आणि शेवटी सपाट होते. मग चांगलंचुंगलं खाऊनही अंगी लागत नाही. जुलाब, पोटफुगी, उंची न वाढणं, पाळी उशिरा येणं, गोळ्या खाऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, हाडं दुखणं, तोंड येणं, अशी त्याची नाना रूपं. कधी कधी पोटाची तक्रार मुळीच नसते, नुसता थकवा असतो.

आता यात दूध कुठून आलं? दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, शंभर मिलिलिटरमागे साधारण पाच ग्रॅम. ही साखर फोडायला लॅक्टेज नावाचा पाचकरस लागतो. हा पाचकरस तयार होतो तो नेमका त्याच मखमली लवेच्या टोकाशी. लव झिजली की सगळ्यात आधी टोकंच जातात, आणि टोकांबरोबर लॅक्टेजही जातं. मग प्यायलेल्या दुधातली साखर न पचता तशीच मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात, गॅस धरतो, पोट गुरगुरतं, पातळ होतं. दूध दोषी वाटतं ते यामुळे. खरं तर दूध होतं तसंच आहे, ते पचवणारी यंत्रणा गव्हानं मोडून ठेवलेली असते.

म्हणूनच गहू पूर्ण बंद केल्यावर हळूहळू लव पुन्हा उगवते, आणि तिच्याबरोबर लॅक्टेजही परत येतं. कुणाला सहा महिने लागतात, कुणाला वर्ष, कुणाला दोन वर्षंही. लहान मुलांचं आतडं लवकर भरतं, मोठ्यांना जास्त वेळ लागतो. तेवढ्या काळात दुधाचा त्रास झाला, तर त्यावरून ‘हिला दूध कधीच चालणार नाही’ असा शिक्का मारायचा नसतो. पाय मोडलेल्या माणसाला प्लास्टर असताना चालता येत नाही, म्हणून तो कायमचा अधू ठरत नाही, तसंच हे.

गंमत म्हणजे, या आजारात नेमकं काय टाळायचं हे कळायला डॉक्टरांनाही फार वर्षं लागली. १८८८ मध्ये लंडनच्या डॉ. सॅम्युअल गी यांनी या आजाराचं नेमकं वर्णन केलं, आणि बरं व्हायचं असेल तर ते आहारानंच होईल हेही ओळखलं. पण त्यांनी भात आणि साबुदाणा वर्ज्य सांगितला, आणि पावाच्या पातळ कापा खरपूस भाजून दिल्या तर चालतील असं म्हटलं! आज आपण नेमकं उलटं सांगतो. खरा गुन्हेगार सापडला तो नेदरलँडमध्ये. हेगच्या बालरुग्णालयातले डॉ. विलेम-कारेल डिके यांना १९३० च्या दशकात गव्हाचा संशय आला, आणि त्यामागे एका आईचं निरीक्षण होतं असं त्यांच्या कामाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नोंदवलंय. पाव बंद केला की माझ्या लेकराला बरं वाटतं, असं ती आई सांगत होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तिथे भीषण उपासमार झाली. पाव मिळेना. बाकीची माणसं खंगत होती, पण ही आजारी मुलं मात्र उलट सुधारू लागली. विमानांतून पाव आला आणि ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी आपला प्रबंध मांडला, आणि गहू हे कारण पक्कं झालं. आईच्या बोलण्याकडे एका डॉक्टरनं कान दिला म्हणून जगभरच्या मुलांचा फायदा झाला. आपल्याकडे मात्र ‘आईला काय कळतंय’ म्हणून कितीदा तरी तिचं म्हणणं उडवलं जातं!

‘हा पंजाब-दिल्लीकडचा आजार, आपल्याकडे कुठला?’ असंही म्हटलं जातं. यात थोडं तथ्य आहे. दिल्ली परिसरात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत उत्तर भारतात हे प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येला ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघालं. पण त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. हा आजार व्हायला जी जनुकीय ठेवण लागते, ती तिन्हीकडे जवळपास सारख्याच लोकांत होती. फरक मोठा होता तो गव्हाच्या खाण्यात. उत्तरेत माणशी रोज साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गहू, तर दक्षिणेत जेमतेम पंचवीस ग्रॅम.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड, पारनेर हा जिरायती पट्टा ज्वारी-बाजरीचा. उत्तरेकडे मात्र १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, प्रवरेच्या कालव्यांनी पाणी आलं, ऊस आला, १९५० मध्ये प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहिला आणि गहूही हातात आला. पुढे रेशनवरही गहू मिळू लागला. आता तर जिरायती गावातही पाहुण्यांना भाकरी वाढायची लाज वाटते, डब्यात पोळी हवी, चहाबरोबर खारी-टोस्ट हवं आणि मुलांना मैद्याच्या नूडल्स. ज्या मुलीच्या अंगात ही ठेवण आहे, तिची आजी बाजरीवर वाढली म्हणून तिचा आजार कधी वर आलाच नसेल. नात गव्हावर वाढतेय. तेव्हा ‘आपल्यात कधी कुणाला नव्हतं’ हे म्हणणं आता पुरेसं नाही.

आपल्या बाजूची चांगली गोष्ट अशी, की सिलिअॅकच्या बाईला उपाशी राहायची वेळ नगरमध्ये तरी येऊ नये. भाकरी आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, वरई यांत ग्लुटेन नाही. झुणका-भाकर चालते, पिठलं-भात चालतो. उपवासाचं तर जवळपास सगळंच चालतं, साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा. पंजाबातल्या बाईला हे धान्य शोधत फिरावं लागेल, आपल्याकडे ते कणगीत आहे. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि ‘इक्रिसॅट’ यांच्या कामातून ‘धनशक्ती’ ही लोहानं समृद्ध असलेली बाजरी २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाली. सिलिअॅकमुळे रक्त कमी झालेल्या बाईला अशी भाकरी लाभाचीच.

पण इथेच एक खाच आहे, आणि म्हणूनच हा लेख. भाकरीनं गव्हाचा प्रश्न सुटतो, हाडांचा सुटत नाही. लव सपाट झालेली असते तेव्हा कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व दोन्ही नीट शोषलं जात नाही. निदान व्हायला अनेकदा कित्येक वर्षं जातात, तोवर हाडं विरळ होऊन बसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० मध्ये मोठ्या माणसासाठी रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं आहे. शंभर ग्रॅम ज्वारी किंवा बाजरीत ते तीसच्याही आत असतं. म्हणजे दिवसाला तीन भाकरी खाल्ल्या तरी पन्नास-साठच्या पुढे गाडी सरकत नाही. गाईच्या एका पेल्यात, म्हणजे दोनशे मिलिलिटर दुधात, ते २४० च्या आसपास मिळतं. तोडलं दूध, तर ही भर कुठून घालणार? पालेभाजीनं थोडी होते, पण तेवढ्यानं भागत नाही.

नाचणी मात्र खरंच मदतीला येते. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम. अकोल्याच्या डोंगरात नाचणी आणि वरई पूर्वापार आहे. तिथल्याच कोंभाळण्याच्या, २०२० च्या ‘पद्मश्री’च्या मानकरी राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपायचं किती मोठं काम केलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपल्या घाटाखालच्या आणि बागायती गावांत नाचणी म्हणजे बाळाचं सत्त्व, एवढीच ओळख. ती भाकरीत, आंबिलीत, थालीपिठात यायला हवी. भिजवून मोड आणली की तिच्यातलं कॅल्शियम शरीराला अधिक लागू पडतं. तीळही उत्तम, रोज चमचा-दोन चमचे चटणीतून. पण हे सगळं दुधाच्या जोडीला. दुधाच्या जागी म्हणून यांतलं एकटं काही पुरं पडत नाही.

मग दूध परत आणायचं कसं? आपल्या आहारतज्ज्ञांना, डॉक्टरांना विचारूनच, पण साधारण वाट अशी. पहिले काही आठवडे पोट फारच बिघडलेलं असेल, तर साधं दूध, खवा, दुधाची भुकटी थांबवायची. खवा म्हणजे आटवलेलं दूध, त्यात लॅक्टोजही आटून गोळा झालेलं. पेढा-बर्फी तेव्हा नको. तूप मात्र पहिल्या दिवसापासून चालतं, त्यात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. दोन-तीन आठवड्यांनी घरचं विरजलेलं दही. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच खाऊन टाकतात, आणि उरलेला पचवायला पोटातही मदत करतात. म्हणून दूध बाधतं तिला दही बाधेलच असं नाही. ताक त्याहून हलकं, कारण ते पाणी घालून पातळ केलेलं. चक्का आणि पनीर यांतलं बरंचसं लॅक्टोज निवळीबरोबर गळून जातं, तेही मग चालू लागतात. हे सोसलं की भाताबरोबर पाव पेला दूध. रिकाम्या पोटी नको, जेवणाबरोबर. आठवडाभर ठीक वाटलं तर अर्धा पेला. असं करत करत एका पेल्यापर्यंत यायचं. मध्येच त्रास झाला तर एक पायरी खाली उतरायचं, पूर्ण बंद करायचं नाही.

‘गाईचं सोसत नाही, शेळीचं देऊन बघू का?’ हा प्रश्न आपल्या भागात हमखास येतो. देशी गाईचं, गीरचं, डांगीचं, म्हशीचं, शेळीचं, कुठलंही दूध घ्या, लॅक्टोज सगळ्यांत आहेच, आणि थोड्याफार फरकानं सारखंच. त्यामुळे महागाचं दूध आणल्यानं हा त्रास जात नाही. आतडं भरलं की साधं डेअरीचं दूधही सोसतं. गहू नीट बंद करून वर्ष-दीड वर्ष झालं तरी दूध बाधतंच असेल, तर दोन शक्यता. एक, कुठून तरी नकळत ग्लुटेन पोटात जातंय. दुसरी, तिला मुळातच मोठेपणी लॅक्टेज कमी पडतं. आपल्याकडे असे पुष्कळ लोक असतात, सिलिअॅक नसलेलेही. अशांनाही बहुधा दही-ताक आणि थोडं थोडं दूध चालतंच. तान्ह्या बाळाला दुधातल्या प्रथिनाची अॅलर्जी असणं हा मात्र वेगळाच आजार. त्याचे नियम इथे लावायचे नाहीत.

पहिल्या शक्यतेबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण दूध निर्दोष असलं तरी त्याची संगत अनेकदा वाईट असते. दुधात घालायच्या ‘ताकदीच्या’ चॉकलेटी पावडरी बघा. बऱ्याचशा जवाच्या माल्टवर बनतात, काहींत गहूही असतो. लेकीला दूध पाजायचं म्हणून आई प्रेमानं दोन चमचे टाकते, आणि पोट बिघडलं की नाव दुधाचं होतं! शेवयांची खीर, गव्हाची खीर, लापशी तर उघडच गव्हाची. गुलाबजामात मैदा असतो. कुल्फी किंवा रबडी दाट करायला कुणी पाव कुस्करून घालतं. फालुद्यातल्या शेवया कशाच्या, ते विचारावं लागतं. आइस्क्रीम चालेल, पण कोन नको, आणि बिस्किटाचे तुकडे घातलेलं नको. मठ्ठ्याला, मसाला ताकाला लावलेला हिंगसुद्धा बघावा लागतो, कारण बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, तो आणावा. पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलं असेल, तर आपल्याकडच्या अन्न सुरक्षा नियमांनुसार त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. सुटा खवा आणि पनीर घेताना भेसळीची भीती असते. आयोडीनचा थेंब टाकल्यावर निळा रंग आला, तर त्यात पिठूळ काही तरी मिसळलेलं आहे. ते कशाचं पीठ हे आयोडीन सांगत नाही, तेव्हा सरळ बाजूला ठेवावं. घरच्या दुधाचा चक्का, घरचं पनीर, ऊतू न जाऊ देता आटवलेली घरची बासुंदी, यासारखं खात्रीचं दुसरं काही नाही.

गिरणीचंही तसंच. गव्हाच्या मागून ज्वारी दळली, की पहिले चार मूठ पीठ गव्हाचंच. ती भाकरी नावाची भाकरी! घरघंटी असेल तर तिच्यात गहू दळायचा नाही. नसेल, तर गिरणीवाल्या भाऊंना सांगून सकाळी, जातं स्वच्छ करून, पहिलं दळण आपलं घ्यायचं, आणि आधी थोडे तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढायचं. पोळपाट-लाटणं, तवा, पिठाचा डबा तिच्यापुरता वेगळा.

दुभत्या घरांतून आणखी एक शंका येते. गाईला गव्हाचा भुसा, कोंडा घालतो, मग तिच्या दुधात ग्लुटेन उतरतं का? नाही. गाय ते पचवते, दुधात ते येत नाही. पण कोंडा कालवणारे हात मात्र तिचेच असतात. ते हात साबणानं धुतल्याशिवाय तोंडाकडे जाता कामा नयेत. कोंडा-भुसा उडत असेल, तर नाकातोंडावर पदर किंवा फडकं बांधावं, कारण ती धूळ गिळली जाते. शक्य असेल तर ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं. आंबोण कालवणं हे काही बायकांच्या नशिबी लिहिलेलं नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. दुधाचा त्रास होतोय म्हणून नुसतं दूध बंद केलं आणि पोट थोडं शांत झालं, की आपण समजतो आजार सापडला. प्रत्यक्षात गहू आतून आपलं काम करतच असतो, आणि आणखी दोन-चार वर्षं वाया जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सगळ्यांनाच काही सिलिअॅक नसतो, बहुतेकींना आहारातच लोह कमी असतं. पण जिचं हिमोग्लोबिन महिनोन् महिने गोळ्या घेऊनही हलत नाही, जिचं पोट सारखं बिघडतं, जिची उंची-वजन वयाच्या मानानं मागे आहे, जिला वारंवार गर्भपात होतोय आणि कारण सापडत नाही, तिनं डॉक्टरांना सरळ विचारावं, सिलिअॅकची तपासणी करायची का? रक्ताची ‘टीटीजी’ नावाची तपासणी असते. ती आली, तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासून खात्री करतात. आणि हे लक्षात ठेवा, तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. आधीच बंद केला तर रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि आजार असूनही रिपोर्ट साफ येऊ शकतो. घरात एकाला निघाला, तर आई-वडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करावी. अशा जवळच्या नात्यात शंभरातल्या सात-आठ जणांना तो सापडतो. हाडांची घनता आणि ‘ड’ जीवनसत्त्व किती आहे, तेही डॉक्टरांना विचारून बघून घ्यावं.

एवढं सगळं वाचून वाटेल, की हा वैद्यकाचा विषय आहे. माझ्या मते तो तितकाच घरातल्या वाटपाचा विषय आहे. ज्या घरातून रोज वीस-पंचवीस लिटर दूध डेअरीला जातं, त्या घरात सुनेच्या वाट्याला किती येतं? चहापुरतं. चांगलं फॅट लागतं ते विकायचं, मग मुलगे, मग म्हातारी माणसं, आणि उरलं तर तिला. अशात डॉक्टर म्हणाले, ‘थोडे दिवस दूध टाळा’, की ते ‘थोडे दिवस’ कधीच संपत नाहीत. कुणाला त्याची अडचणही वाटत नाही, तिला स्वतःलाही नाही. ‘मला नाही सोसत, राहू दे’ म्हणायची आपल्याला सवयच असते. तिची हाडं मात्र गुपचूप झिजत राहतात, आणि पन्नाशीत अंगणात घसरून मनगट मोडलं, की सगळे म्हणतात, वय झालं!

लेकीच्या बाबतीत तर आणखी भीती. गहू चालत नाही, दूध चालत नाही, असं बाहेर कळलं तर स्थळं येणार नाहीत, म्हणून आजार लपवला जातो. मग सासरी पहिल्याच सणाला पुरणपोळी समोर येते आणि ती मुकाट्यानं खाते. हे थांबायला हवं. सिलिअॅक संसर्गानं पसरत नाही, त्याला रोज महागडं औषध लागत नाही, पथ्य पाळलं तर बाई धडधाकट राहते आणि संसार, शेती, नोकरी सगळं करते. लग्नाआधी हे स्पष्ट सांगावं. तांदळाच्या पिठीत पुरण भरून तिची पोळी वेगळी लाटता येते, आणि वर घरचं तूप वाढता येतं. जे घर एवढंही करायला तयार नाही, ते घर लग्नाआधीच कळलेलं बरं.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. तुमच्या घरात सिलिअॅकची मुलगी किंवा सून असेल, तर डेअरीचा कॅन भरण्याआधी तिच्या नावचं अर्धा लिटर दूध वेगळं काढून ठेवा. आज सोसत नसेल तर त्याचं तूप करा, दही लावा, पनीर करा. सहा महिन्यांनी पुन्हा पेला पुढे करून बघा. दर तीन-चार महिन्यांनी वजन करा, डॉक्टरांना दाखवा, दुधाचं काय हा प्रश्न दर वेळी आठवणीनं विचारा. आणि ती ‘मला नको’ म्हणाली, तर ते पोटातून म्हणतेय की सवयीनं, एवढं तिच्याजवळ बसून विचारा.